पहिल्या कौतुकाचें ओझें

होतकरू माणसाच्या पहिल्या कृतीचें स्वागत कसें करावें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. मुलीनें चारचौघांत गाइलेलें पहिलें पद असो किंवा मुलाची मासिकांत छापून आलेली पहिली गोष्ट असो, त्या वेळीं घरचीं माणसें व जाणकार मंडळी जे चार शब्द बोलतात ते तो कलावंत जन्मभर विसरत नाहीं. शब्द मुळींच निघाले नाहींत तर हुरूप खचतो. वाजवीपेक्षां अधिक निघाले तर पुढच्या प्रत्येक कृतीला त्यांचें व्याज भरावें लागतें. कौतुकाचा लाभ आणि कौतुकाचें ओझें हीं दोन्ही ज्याच्या वांट्यास पुरेपूर आलीं, अशा एका कवि-गायकाची हकीकत आज वाचकांपुढें मांडावयाची आहे.

त्याचें नांव नासिर जोन्स. न्यूयॉर्क शहरांत वाढलेल्या या कृष्णवर्णीय कलावंतास सारें जग ‘नाझ’ या संक्षिप्त नांवानें ओळखतें. १९ एप्रिल १९९४ रोजीं, त्याच्या वयाच्या विसाव्या वर्षीं, ‘इल्मॅटिक’ हा त्याचा पहिला आल्बम कोलंबिया या ध्वनिमुद्रिका-कंपनीनें प्रसिद्ध केला. त्याची एकंदर लांबी चाळीस मिनिटांचीहि नाहीं. परंतु त्या चाळीस मिनिटांविषयीं जाणकारांत चाललेली चर्चा तीस वर्षें उलटलीं तरी संपलेली नाहीं.

ठेक्यावरचें बोलणें

नाझ ज्या परंपरेंत वाढला तिचें नांव हिप-हॉप. हें नांव ऐकतांच वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळावर आठी उमटेल, हें आम्ही जाणून आहों. घरांतील तरुण मंडळी कानांत इअरफोन घालून जें ऐकतात त्यांत ना आलाप, ना तान. याला गाणें तरी कसें म्हणावें, असा प्रश्न पुष्कळ घरांतून विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, व त्याचें सरळ उत्तर असें कीं, रूढ अर्थानें हें गाणें नव्हेच. ठेक्याच्या चौकटींत, यमकांची बांधणी करून, वेगानें व स्पष्टपणें बोलणें ही ती कला आहे. डफाच्या थापेवर शाहीर जेव्हां लढाईचें वर्णन एका दमांत सांगूं लागतो, तेव्हां श्रोता स्वरांपेक्षां शब्दांच्या झपाट्यानेंच भारला जातो. सवालजबाबांतहि प्रतिपक्षाला निरुत्तर करणारा हजरजबाबीपणाच पाहिला जातो. हें ध्यानीं घेतलें म्हणजे रॅप हा प्रकार आपल्याला वाटतो तितका परका राहत नाहीं.

या कलेचा जन्मदिवस सामान्यतः ११ ऑगस्ट १९७३ हा मानतात. त्या दिवशीं न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागांत जमेका बेटांतून आलेल्या क्लाइव्ह कॅम्पबेल या तरुणानें, म्हणजे ‘डीजे कूल हर्क’ यानें, आपल्या बहिणीनें योजिलेल्या समारंभांत ध्वनिमुद्रिका वाजविल्या. गाण्यांतील ज्या थोड्या जागीं केवळ ताल उरतो, तेथेंच लोक खरे नाचतात, हें त्यानें हेरलें होतें. दोन तबकड्यांच्या साह्यानें तोच तालाचा तुकडा पुनःपुन्हां वाजवून त्यानें तो लांबविला. त्या तालावर कोणी बोलूं लागलें व त्यांतून पुढें रॅप वाढीस लागलें. नाझचा जन्म त्याच वर्षीं १४ सप्टेंबर रोजीं झाला. म्हणजे हा कलावंत आणि ही कला यांच्या वयांत अवघ्या पांच आठवड्यांचें अंतर आहे.

पुलाखालची वस्ती

नाझचें बालपण क्वीन्सब्रिज या वस्तींत गेलें. ईस्ट नदीवरील मोठ्या पुलाच्या छायेंत, विटांच्या सहामजली इमारतींतून तीन हजारांहून अधिक बिऱ्हाडें राहतात अशी ही सरकारी वसाहत १९३९ च्या सुमारास गरीब कष्टकऱ्यांसाठीं उभारली गेली, आणि सरकारी गृहयोजनांत अमेरिकेंतील ती सर्वांत मोठी गणली जाते. १९८० नंतर कोकेनच्या ‘क्रॅक’ या स्वस्त प्रकाराचा सुळसुळाट होऊन तेथील कैक घरांची वाताहत झाली.

नाझच्या घरीं मात्र कलेचा वारसा होता. वडील ओलू डारा हे मिसिसिपी प्रांतांतून आलेले जॅझ व ब्लूज संगीताचे वादक. कॉर्नेट हें त्यांचें वाद्य. आई टपालखात्यांत नोकरीस होती. पुढें आईवडील विभक्त झाले, आणि आठवी इयत्तेनंतर नाझनें शाळाहि सोडली. शिक्षणाला घरचा देव मानणाऱ्या आमच्या वाचकांस ही गोष्ट सलेल. पण शाळा सुटली तरी त्याचें वाचन सुटलें नाहीं. वहींत ओळी लिहिणें, त्या खोडणें, पुन्हां लिहिणें हा त्याचा नित्यक्रम होता. शिवाय त्या वस्तींत मार्ली मार्ल, एम्. सी. शॅन, रॉक्सॅन शांटे असे नामांकित कलावंत आधींच होऊन गेले होते. कीर्ति मिळवून गेलेलीं माणसें आपल्याच जिन्यावरून चढतांउतरतांना पाहिलेल्या मुलाला महत्त्वाकांक्षा शिकवावी लागत नाहीं.

१९९१ सालीं ‘मेन सोर्स’ या मंडळीनें आपल्या आल्बममधील ‘लाइव्ह ॲट द बार्बेक्यू’ या गाण्यांत या सतरा वर्षांच्या मुलाला पहिलें कडवें दिलें. एका पाहुण्याचें एक कडवें, एवढेंच काय तें त्याचें भांडवल. पण त्या कडव्यांतील निर्भीड, काहींशी धक्का देणारी शब्दकळा ऐकून न्यूयॉर्कमधील जाणकार चमकले. रॅपमध्यें ज्याला गुरुस्थानीं मानतात त्या राकिमचा हा वारस, असें लोक बोलूं लागले. स्वतःची एकहि ध्वनिमुद्रिका निघण्यापूर्वींच या मुलाला गादीवर बसवून टाकण्यांत आलें.

त्याच सुमारास वस्तीनेंहि आपला हिशेब दाखविला. मे १९९२ मध्यें नाझचा जिवलग मित्र गोळी लागून मरण पावला, आणि त्याच प्रसंगीं धाकटा भाऊ जखमी झाला. हा मित्र वरच्या मजल्यावर राहणारा. त्याच्याजवळच्या ध्वनिमुद्रिकांवर दोघांनीं मिळून कलेचीं पहिलीं पाउलें टाकलीं होतीं. लोकांच्या स्तुतीला उतरणारी कृति आपण करूं शकूं कीं नाहीं, ही चिंता प्रत्येक नवोदिताला असते. नाझपुढें त्याहून निकडीचा प्रश्न उभा होता: ती कृति पुरी होईपर्यंत आपण जिवंत राहूं कीं नाहीं?

कौतुक पसरतें कसें

त्या काळीं नवोदिताचें नांव कसें पसरत असे, हें पाहण्यासारखें आहे. आजच्यासारखीं एका क्षणांत लाखों लोकांना ऐकविणारीं साधनें तेव्हां नव्हतीं. कोलंबिया विद्यापीठाच्या नभोवाणी केंद्रावर (वर उल्लेखिलेल्या कंपनीशीं याचा संबंध नाहीं) स्ट्रेच आर्मस्ट्राँग व बॉबिटो हे दोघे मित्र आठवड्यांतून एकदां उत्तररात्रीं कार्यक्रम करीत. ज्यांची ध्वनिमुद्रिका निघालेली नाहीं अशा मुलांना ते खोलींत बोलावून तेथल्या तेथें गाण्यास सांगत. ऐकणारे तो कार्यक्रम कॅसेटवर उतरवून घेत, आणि त्या कॅसेटच्या नकला हातोहात गांवोगांवीं जात. नाझहि १९९३ मध्यें तेथें येऊन गेला.

दुसरें साधन म्हणजे ‘द सोर्स’ हें मासिक. हार्वर्ड विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं १९८८ मध्यें एका साध्या पत्रकाच्या रूपानें तें सुरू केलें. त्यांत कोणत्याहि कंपनीशीं करार न झालेल्या नवोदितांसाठीं एक सदर असे. पुढें ‘नोटोरियस बी. आय. जी.’ म्हणून गाजलेल्या कलावंताची पहिली ओळख १९९२ मध्यें याच सदरानें करून दिली. प्रत्येक नव्या आल्बमला हें मासिक एक ते पांच मायक्रोफोनांचें मानांकन देई, आणि पांच माइक हा मान सहसा कोणास लाभत नसे. ‘इल्मॅटिक’चें परीक्षण मिन्या ओ या अगदीं तरुण लेखिकेनें केलें, आणि त्या विसावर्षीय मुलाच्या पहिल्या कृतीला पुरे पांच माइक मिळाले.

बाजारानें मात्र निराळा कौल दिला. आदल्या नोव्हेंबरांत, म्हणजे १९९३ मध्यें, कॅलिफोर्नियाच्या स्नूप डॉगी डॉगचा पहिला आल्बम निघाला होता, व पहिल्या आठवड्यांतच त्याच्या आठ लाखांवर प्रति खपल्या होत्या. ‘इल्मॅटिक’च्या पहिल्या आठवड्यांत सुमारें साठ हजार गेल्या. चोरून काढलेल्या नकलांनींहि विक्रीस बराच धक्का दिला. पांच लाखांचा टप्पा अधिकृतपणें गांठावयास १९९६ साल उजाडावें लागलें, आणि दहा लाखांचा टप्पा २००१ मध्यें गांठला गेला. ज्यांना कलेंतलें कळत होतें त्यांची संख्या थोडी होती. परंतु त्यांनीं एकदां धरलेला हात पुढें सोडला नाहीं.

त्या चाळीस मिनिटांत काय आहे

स्तुति खरी कीं खोटी, हें शेवटीं कृतीवरूनच ठरावयाचें. ‘इल्मॅटिक’मध्यें एक छोटें प्रास्ताविक व नऊ गाणीं आहेत. त्या काळीं सबंध आल्बमचें संगीत बहुधा एकाच माणसाकडे असे. येथें डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप, लार्ज प्रोफेसर आणि एल्. ई. एस्. अशा पांच जणांनीं एका नवख्या मुलासाठीं आपापलें उत्तम तें दिलें. समव्यवसायी माणसांनीं केलेलें हें कौतुक कोणत्याहि छापील परीक्षणाहून मोठें म्हटलें पाहिजे. जुन्या ध्वनिमुद्रिकेंतील एखादा तुकडा कापून, तो फिरता ठेवून, त्यावर नवा ताल बसवावयाचा, ही यांची रीति. पीट रॉकनें अहमद जमाल यांच्या पियानोचे थोडे स्वर घेऊन एका गाण्याला असा काहीं प्रसन्नपणा आणला आहे कीं, रॅप न आवडणाराहि क्षणभर थबकतो. आयुष्याच्या क्षणभंगुरतेवरील दुसऱ्या एका गाण्याच्या शेवटीं ओलू डारांचें कॉर्नेट ऐकूं येतें. विभक्त झालेल्या घरांतला बाप मुलाच्या पहिल्या कृतींत असा शेवटीं येऊन, शब्द न बोलतां, वाजवून जातो.

आणि शब्द? आपल्याकडे वामनपंडितांना यमकांच्या आवडीमुळें ‘यमक्या वामन’ म्हणत, आणि मोरोपंतांच्या आर्या आपल्या पणज्या-आज्यांना मुखोद्गत असत. त्या कानांना नाझची कारागिरी सहज ओळखूं येईल. ओळीच्या अखेरीस एक यमक जुळवून तो थांबत नाहीं. ओळीच्या पोटांत दोन-दोन, तीन-तीन अक्षरांचे जुळे ध्वनि पेरीत तो पुढें जातो, आणि तरीहि वाक्य सहज बोलल्यासारखें वाटतें. ‘एन्. वाय. स्टेट ऑफ माइंड’ हें गाणें मुद्रित होत असतांना, आरंभ कसा करावा हेंच आपल्याला कळत नाहीं, असें तो पुटपुटला. ते शब्द ध्वनिमुद्रिकेंत तसेच राहिले आहेत. बाहेरून प्रीमियरनें खुणेनें मात्रा मोजून दिल्या, आणि मग या मुलानें पहिलें लांबलचक कडवें एका दमांत, न चुकतां म्हटलें, असें प्रीमियर यांनीं पुढें सांगितलें आहे.

‘वन लव्ह’ हें गाणें तुरुंगांतील मित्रांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपांत आहे. बाहेर काय चाललें आहे, कोणाचें मूल कोणासारखें दिसतें, कोण उलटलें, कोण गेलें, हें तो पत्रांतून कळवितो. अखेरच्या कडव्यांत बारा वर्षांचा एक मुलगा बांकावर भेटतो. त्याच्याजवळ शस्त्र आहे आणि तोंडीं मोठ्या माणसांची भाषा आहे. वीस वर्षांचा कवि त्या पोराला वडीलकीच्या नात्यानें दोन शब्द सांगूं पाहतो. ज्या वस्तींत पंचविशी गांठणें हीच मिळकत, तेथें विसाव्या वर्षींच माणूस वडीलधारा होतो, हें सत्य तें कडवें ऐकतांना अंगावर येतें.

वाचकांस एक गोष्ट उघड सांगितली पाहिजे. या आल्बममध्यें शिवराळ शब्द भरपूर आहेत, मादक पदार्थ व पिस्तुलें यांचाहि उल्लेख जागोजाग आहे. लहान मुलांच्या हातीं तो आपण होऊन द्यावा असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु तरुण मुलगा तो ऐकत असेल तर त्याच्याशेजारीं बसून एकदां ऐकावा. चिखलाचें वर्णन करणारा आणि चिखलांत लोळा म्हणणारा यांतला भेद सुजाण श्रोत्यास तेव्हां आपोआप कळतो.

ओझें

येथवर कौतुकाचा लाभ पाहिला. आतां त्याची दुसरी बाजू पाहूं. १९९६ मध्यें नाझचा दुसरा आल्बम ‘इट वॉज रिटन’ निघाला. तो अमेरिकेंतील विक्रीच्या यादींत थेट पहिल्या स्थानीं गेला आणि पहिल्याहून कितीतरी अधिक खपला. पण ज्यांनीं पूर्वीं डोक्यावर घेतलें त्यांतलेच पुष्कळजण म्हणूं लागले, ‘हा तो नव्हे’. पुढें प्रत्येक नवी कृति त्याच मापानें मोजली गेली. टीकाकार मोजीत, प्रतिस्पर्धी त्यावरूनच डिवचीत. २००१ मध्यें त्यानें आपल्या एका आल्बमला ‘स्टिलमॅटिक’ असें नांव दिलें. पहिल्या कृतीचें नांव स्वतःच्या नव्या कृतीच्या नांवांत गुंफावें लागावें, यावरून ती सांवली किती लांब पडली होती याची कल्पना येईल. विसाव्या वर्षीं जें उत्तम झालें त्याच्याशीं तिसाव्या व चाळिसाव्या वर्षीं झगडावयाचें. आणि विसाव्या वर्षाचा राग, शोक व भीति हीं तर परत आणतां येत नाहींत!

तो मोडला नाहीं, ही त्याची खरी कमाई. तो लिहीत राहिला. २०१३ मध्यें हार्वर्ड विद्यापीठांत हिप-हॉपच्या अभ्यासासाठीं त्याच्या नांवें अभ्यासवृत्ति सुरू झाली. आठवींत शाळा सोडलेल्या मुलाच्या नांवावर आतां इतर लोक संशोधन करतात. २०१४ मध्यें वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्यें नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्राच्या साथीनें त्यानें ‘इल्मॅटिक’ सादर केला. मार्च २०२१ मध्यें अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें राष्ट्रीय ठेवा म्हणून जपावयाच्या ध्वनिमुद्रणांत ‘इल्मॅटिक’चा समावेश केला. त्याच महिन्यांत, वयाचीं सत्तेचाळीस वर्षें उलटल्यावर, त्याला पहिलें ग्रॅमी पारितोषिक मिळालें. आणि तें ‘किंग्ज डिझीझ’ या ताज्या आल्बमसाठीं होतें. पहिल्या कृतीच्या सांवलींतून बाहेर येण्यास त्याला सत्तावीस वर्षें लागलीं.

मुंबईशीं जुळलेला धागा

या हकीकतीचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. कुर्ल्याच्या नावेद शेखनें, म्हणजे ‘नेझी’नें, २०१४ मध्यें घरच्या आयपॅडवर आपलें ‘आफत’ हें गाणें तयार केलें. अंधेरीचा विवियन फर्नांडिस, म्हणजे ‘डिव्हाइन’, याच्यासह त्यानें २०१५ मध्यें ‘मेरे गली में’ हें गाणें काढलें. या दोघांच्या जीवनावरून सुचलेला ‘गली बॉय’ हा झोया अख्तर यांचा चित्रपट फेब्रुवारी २०१९ मध्यें आला. त्याच्या निर्मात्यांत कार्यकारी निर्माता म्हणून नाझचें नांव होतें, आणि त्या निमित्तानें निघालेल्या एका गाण्यांत या दोघांबरोबर तो स्वतः गाइला. त्याच वर्षीं त्याच्या ‘मास ॲपील’ या संस्थेनें भारतांत शाखा काढली. तिचा पहिला कलावंत डिव्हाइन, आणि त्याचा पहिला पूर्ण आल्बम ‘कोहिनूर’ हा २०१९ मध्यें तिच्यामार्फतच प्रसिद्ध झाला. पांच नामांकितांनीं एकेकाळीं क्वीन्सब्रिजच्या पोरासाठीं जें केलें, त्याची थोडी परतफेड अशी अंधेरी-कुर्ल्यांत झाली.

मराठी भाषाहि यांत मागें नाहीं. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या मंडळीनें आरेच्या जंगलासाठीं, तेथील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन, २०१९ मध्यें गाणें केलें. त्या मंडळींतील एम्. सी. मवाली मराठींत रॅप करतो. उद्यां आपल्याच घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी वही घेऊन असें काहीं लिहूं लागल्यास आश्चर्य मानावयाचें कारण नाहीं.

तसें झालें तर काय करावें? ‘वा, फारच छान!’ एवढ्यानें कोणाचें पोट भरत नाहीं. कोणती ओळ आवडली व कां आवडली, तें सांगावें. तो अमक्याचा अवतार आहे असें चुकूनहि म्हणूं नये, कारण दुसऱ्याची गादी ही बसणाऱ्याला नेहमीं आंखूड किंवा मोठीच होते. पहिल्या कार्यक्रमाला सारें घर टाळ्या वाजवावयास येतें. दुसऱ्या कार्यक्रमाला, तो तितकासा जमला नाहीं तरी, जो येऊन शेवटपर्यंत बसतो त्याचें कौतुक कलावंताला खरें उपयोगी पडतें. आणि ज्यांना प्रत्यक्ष प्रचीति हवी असेल त्यांनीं आठवड्यांतील एखाद्या निवांत संध्याकाळीं, घरांतील तरुण मंडळींना बरोबर घेऊन, पीट रॉकनें बांधलेलें तें पियानोचें गाणें ऐकावें. ‘द वर्ल्ड इज युअर्स’ हें त्याचें नांव.